नकाशा येण्याआधी मोजून घ्या: कोकणातली शेतजमीन कागदावर आणि बांधावर कशी राखावी

प्रारूप विकास योजनेच्या, म्हणजे गावातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या कच्च्या आराखड्याच्या, सुनावणीला मी काजूच्या बागेचे चार फोटो घेऊन गेलो होतो. समोरच्या साहेबांनी ते पाहिले, परत दिले आणि विचारलं, "सातबाऱ्यावर काजू आहे का?" नव्हता. पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं 'गवत पड' चाललं होतं. आजोबांनी लावलेली बेचाळीस झाडं सरकारच्या लेखी कधी उगवलीच नव्हती, त्यामुळे आमच्या वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीवर, रहिवास विभागाचा पिवळा रंग अगदी रीतसर चढला होता.

आराखडा आखणारा माणूस आपल्या शेतात येतो तो उपग्रहाचं चित्र, गाव नकाशा आणि सातबारा घेऊन. या तिन्हींत जे दिसत नाही, ते त्याला दिसत नाही. म्हणून हा लेख. मी वकील नाही की मोजणीदारही नाही, दक्षिण रायगडातला भात आणि काजूवाला आहे. पण गेल्या काही वर्षांत स्वतःच्या आणि भावकीच्या जमिनींसाठी ज्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या, त्यातून जो क्रम हाती लागला तो इथे मांडतो. हा क्रम मोडला की पुढची सगळी कामं अडतात.

आधी बघा: तुमचं गाव कोणाच्या हातात आहे?

२०१३ साली सिडकोकडे (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) नैनाचं, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतालच्या क्षेत्राचं, नियोजन गेलं, तेव्हा पनवेलच्या पलीकडे कोणाला फारसं काही वाटलं नाही. २०२४ साली मात्र पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) नेमणूक झाली. किनाऱ्याच्या चार जिल्ह्यांतल्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण केल्याची अधिसूचना निघाली. रेवस-रेडी सागरी महामार्गालगतच्या विकास केंद्रांसाठी रस्ते विकास महामंडळाचं नाव आलं. त्याशिवाय एमआयडीसी, बंदरं आणि दिघीचं औद्योगिक क्षेत्र आहेच. अशा नेमणुका होतात, बदलतात, काही वेळा मागेही घेतल्या जातात. त्यामुळे चहाच्या टपरीवर ऐकलेलं धरून चालू नका. ग्रामपंचायतीत आणि जिल्ह्याच्या नगर रचना कार्यालयात जाऊन विचारा: आमच्या महसुली गावाचं नियोजन प्राधिकरण आज कोण आहे, आणि काम कुठल्या टप्प्यावर आहे?

टप्पा कळणं फार मोलाचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आधी योजना करण्याचा इरादा जाहीर होतो, मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, त्यानंतर प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकतींना ३० दिवस मिळतात. सगळा गाव जागा होतो तो या शेवटच्या तीस दिवसांत. खरं तर निम्मा निकाल त्याआधीच, विद्यमान वापराच्या नकाशावर लागलेला असतो. तिथे बागेला 'पड' म्हटलं गेलं की पुढे तिला वाचवणं म्हणजे पाठीवर गोणी घेऊन घाट चढणं. इरादा जाहीर झाल्याचं कळताच प्राधिकरणाला एक साधं पत्र द्या: आमच्या या-या सर्व्हे नंबरांत सध्या ही-ही लागवड, विहीर आणि घर आहे, नकाशात तशी नोंद घ्यावी. सोबत पुरावे जोडा. पत्राच्या स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

कागदांची जुळवाजुळव

पुढचे कागद एका फाईलमध्ये हवेतच. डिजिटल सहीचा चालू सातबारा आणि आठ अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा). सातबाऱ्यावर ज्यांचे क्रमांक आहेत ते सगळे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी. संगणकीकरणाआधीचा हस्तलिखित सातबारा. गाव नकाशा. आणि भूमि अभिलेख कार्यालयातून टिपण, फाळणी, गुणाकार बुक, आकारफोड या जुन्या मोजणीच्या कागदांपैकी तुमच्या नंबराचं जे असेल ते. पहिले दोन महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात. बाकीच्यांसाठी नकलेचा अर्ज करून खेटे घालावे लागतात.

हस्तलिखित सातबारा का? संगणकात भरताना झालेल्या चुका त्याच्याशीच ताडून पाहता येतात. क्षेत्रातला एक आकडा सरकलेला असतो, हिस्सा २अ चा २ झालेला असतो, एखाद्या आत्याचं नाव गळलेलं असतं. अशा लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

क्षेत्र वाचायला शिका. ०.१८.४० म्हणजे शून्य हेक्टर, १८.४० आर, अर्थात १,८४० चौरस मीटर; गुंठ्यांत साधारण अठरा. जुन्या मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. हे माहीत असलं की जुन्या टिपणावरचे साखळी-आण्यांचे आकडे अचानक बोलायला लागतात. सगळ्या हिस्स्यांची बेरीज मूळ सर्व्हे नंबराच्या क्षेत्राशी जुळते का, हेही पाहा. जुळली नाही तर मोजणी अडणार, हे धरून चाला.

'इतर हक्क' हा रकाना भिंग लावून वाचावा. कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, नवीन शर्त (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), खाजगी वन, सिंधुदुर्गात तर आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) आणि कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांच्या सामाईक हक्काची जुनी जमीन). यातलं काही असेल तर आधी त्याचा उलगडा करा. जमीन विकायची नसली तरीही, कारण हरकतीच्या वेळी 'तुम्ही नक्की कोण?' हा प्रश्न तिथूनच निघतो.

नावं लावा, मुंबईच्या भावकीसकट

कोकणातल्या जमिनीचं जुनं दुखणं म्हणजे सामाईक सातबारा. आमच्या एका अकरा गुंठ्यांच्या तुकड्यावर सत्तावीस नावं होती. त्यातली नऊ माणसं देवाघरी गेलेली, पाच जणांचा पत्ताच माहीत नाही. अशा जमिनीला नोटीस येते ती मयताच्या नावाने आणि परत जाते.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे द्यायचा. फेरफार धरला की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. बहिणींची नावं गाळू नका. 'ती सोडून देणार आहे' हे तोंडी चालत नाही. तिला सोडायचं असेल तर रीतसर हक्कसोडपत्र करावं, पण आधी तिचं नाव लागलं पाहिजे.

भावकीला एकत्र बसवायचं तर गणपती किंवा शिमग्याचा मुहूर्त धरा. आम्ही विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर बसलो. आधारच्या झेरॉक्स घेतल्या, सह्या घेतल्या आणि गावातल्या एका माणसाला मोजणी, हरकती व सुनावणीपुरतं लेखी अधिकारपत्र दिलं. 'पुरतं' हा शब्द महत्त्वाचा. विक्रीचे अधिकार असलेलं कुलमुखत्यारपत्र हा वेगळा कागद आहे. तो दलालाच्या हाती कधीच देऊ नये.

स्वतः चालून या

सरकारी मोजणीआधी आपली मेर, म्हणजे हद्द, आपण चालायची. भातकापणी झाली, गवत वाळलं की कोयता, तीस मीटरचा टेप, वही आणि घरातलं सर्वांत म्हातारं माणूस घेऊन निघा. आमच्याकडे ते काम काकीने केलं. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, पण आंब्याच्या बुंध्यापासून पावलं मोजत एका करवंदीच्या जाळीपाशी थांबली आणि म्हणाली, "हितं खण." दीड वीत खाली हद्दीचा दगड निघाला. तो गावातल्या कोणाच्याच आठवणीत राहिला नव्हता.

प्रत्येक कोपऱ्याला क्रमांक द्या. कोपऱ्याचा एक फोटो जवळून आणि एक लांबून काढा, लांबच्या फोटोत न हलणारी एखादी खूण यायला हवी: विहीर, देऊळ, विजेचा खांब. फोनमधलं स्थान नोंदवा, पण त्यावर भांडू नका. झाडाखाली फोन पाच-दहा मीटर सहज चुकतो, आणि आपले तुकडे कधीकधी तेवढेच रुंद असतात. गडगा (दगडी कुंपण) कुठे आहे, व्हाळ (ओढा) कुठून वाहतो, पाणंद किती हात रुंद आहे, हे हाताने काढलेल्या कच्च्या नकाशावर मांडा. हाच नकाशा मोजणीदाराला आणि पुढे हरकतीला उपयोगी पडतो.

सरकारी मोजणी

तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे किंवा ई-मोजणी प्रणालीवर अर्ज करायचा. आपल्याला बहुतेक वेळा हवी असते ती हद्द कायम मोजणी. सामाईकातून आपला भाग वेगळा करायचा तर पोटहिस्सा मोजणी, त्यासाठी सहहिस्सेदारांची संमती किंवा वाटपाचा आदेश लागतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, फी त्याप्रमाणे. घाई नसेल तर नियमित पुरते. मात्र इरादा जाहीर झालेला असेल तर खिसा हलका करून द्रुतगती घ्या.

अर्जात लगतधारकांची नावं आणि खरे पत्ते भरा. शेजारी ठाण्याला राहतो आणि नोटीस गावच्या बंद घरावर डकवली गेली, असं झालं तर मोजणीनंतर तोच हरकत घेणार. मी नोटिशीची वाट पाहिली नाही. तारीख कळताच प्रत्येक शेजाऱ्याला फोन केला, व्हॉट्सअ‍ॅपवर पत्राचा फोटो पाठवला. एका घराशी आमचं वीस वर्षं बोलणं नव्हतं, त्यांनाही केला.

मोजणीच्या दिवसाआधी मेर साफ करून ठेवा. झाडोरा असेल तर यंत्राला कोपरा दिसत नाही. उपग्रहावरून बिंदू धरणाऱ्या रोव्हर यंत्राला मोकळं आभाळ लागतं आणि दाट रायवळीखाली तोही रुसतो. भूकरमापक आले की एक विनंती नम्रपणे, पण नक्की करा: मोजणी फक्त आमच्या गडग्यावरून धरू नका, आजूबाजूच्या सर्व्हे नंबरांचे जुने पक्के बिंदू घेऊन नकाशा बसवा. गडगा ही वहिवाट आहे. हद्द अभिलेखातून येते, आणि बहुतेक भांडणांचं मूळ या दोहोंतल्या फरकात असतं.

आमचं झालं ते असं. वरच्या बाजूला आमचा गडगा आमच्याच हद्दीत पाच फूट आत निघाला. माझ्या चेहऱ्यावर हसू फुटलं. तासाभराने खालचा कोपरा मोजला, तर तिथे आम्हीच शेजाऱ्यात तीन फूट घुसलेलो. वीस वर्षांचा अबोला तिथल्या फणसाखाली चहावर मिटला. दोन्ही गडगे आहेत तिथेच ठेवायचे, पण कागदावर खरी हद्द दाखवायची, असं ठरलं. सगळीकडे असं गोड होत नाही, हेही खरं.

दाखवलेल्या प्रत्येक बिंदूवर त्याच दिवशी खूण रोवा. आम्ही जांभ्याचे चिरे आदल्या दिवशीच नेऊन ठेवले होते. चुन्याचा ठिपका पहिल्या पावसात जातो. जबाबावर सही करण्याआधी तो वाचा. काही मान्य नसेल तर ते तिथेच, स्वतःच्या अक्षरात लिहा. नंतर मिळणारी 'क' प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा. त्यात वहिवाट आणि अभिलेखाची हद्द वेगवेगळ्या रेषांनी असतात. कुठली रेष कशाची, हे खालच्या टिपेत पाहा, अंदाजाने ठरवू नका. मोजणीच चुकली असं वाटलं तर वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते, तिला निमताना म्हणतात. आणि मोजणीने अतिक्रमण दिसतं, उठत नाही. ताब्यासाठी दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते.

झाडं कागदावर लावा

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ पासून शेतकऱ्याच्याच हातात आहे. दर हंगामात त्यात शेतातून फोटो काढून पिकाची नोंद करायची. भात सगळे लावतात, पण फळबाग, बांधावरचे साग-आंबे आणि विहीर राहून जातात. झाडांची संख्या भरा. मुंबईला राहत असाल तर सुट्टी हंगामाच्या तारखा बघून काढा, कारण शेतात उभं राहिल्याशिवाय नोंद होत नाही. सोबत कृषी कार्यालयाची फळबाग अनुदानाची कागदपत्रं, रोपवाटिकेच्या पावत्या, काजू विकल्याच्या पट्ट्या जपून ठेवा. त्यातली एक जुनी पट्टीही कधीकधी फोटोपेक्षा जास्त बोलते.

रंग वाचणं

प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की आपल्या सर्व्हे नंबराचा भाग शोधा. नकाशाची प्रत विकत मिळते, ती घ्याच. भिंतीवर लावलेल्या नकाशाचा फोनने काढलेला फोटो कोपऱ्यात ताणला जातो. तुमची 'क' प्रत आणि तो भाग एकाच प्रमाणात छापून खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. संगणक येणारा भाचा असेल तर त्याच्याकडून करून घ्या, पण काचही काम देते.

तीन गोष्टी पाहायच्या: विभाग कुठला (शेती, रहिवास, औद्योगिक), अंगावर आरक्षण (सार्वजनिक कामासाठी जमीन राखून ठेवणं) पडलंय का, आणि रस्ता कुठून जातोय. चौथी बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पाणी. नकाशात व्हाळ नाहीसा झालेला असतो किंवा त्याच्यावरून सरळ रस्ता आखलेला असतो. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, तर हे जिवावरचं. खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, झडप भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी सोडते. मधल्या सहा तासांत हे पाणी थांबतं कुठे? आतल्या सखल शेतात. तिथेच भराव पडला तर ते पाणी शेजारच्या भातात आणि मग घरात शिरतं. तुमची जमीन पिवळ्या रंगात नसली तरी वरच्या बाजूच्या पिवळ्याबद्दल तुम्ही हरकत घेऊ शकता, आणि घ्यावी.

हरकत कशी लिहावी

'शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे' या वाक्याला अधिकाऱ्याकडे उत्तर नसतं, कारण त्यात प्रश्नच नसतो. गावाने छापील अर्जावर सह्या कराव्यात, त्याने वजन येतं, ग्रामसभेचा ठरावही जोडावा. पण प्रत्येक खातेदाराने आपल्या नंबराची स्वतंत्र हरकत दिलीच पाहिजे. साधारण अशी:

"मौजे अमुक, स.नं. ४५, हि.नं. २, क्षेत्र ०.१८.४० या माझ्या मालकी व वहिवाटीच्या जमिनीवर प्रारूप योजनेत रहिवास विभाग व १२ मीटर रस्ता दर्शविला आहे. सदर जमिनीत काजूची ४२ झाडे व विहीर आहे (सातबारा, 'क' प्रत व फोटो सोबत). रस्त्याची आखणी विहिरीवरून जाते. जमिनीच्या पूर्वेस सरकारी पड असून तेथून आखणी शक्य आहे (नकाशावर लाल रेषेने दर्शविले आहे). तरी (१) सदर जमीन शेती विभागात ठेवावी, (२) रस्ता पूर्वेकडे सरकवावा, (३) उत्तरेकडील व्हाळ नकाशात दर्शवावा. मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी."

मागणीला आकडे द्या आणि पर्याय दाखवा. भाषा थंड ठेवा. सुनावणीला मूळ कागद आणि दोन जादा संच न्या. तिथे माणशी काही मिनिटंच मिळतात, म्हणून पहिलं वाक्य विहिरीचं असू द्या, आजोबांचं नको. मी आजोबांपासून सुरुवात केली होती.

नगर रचना परियोजना आणि संपादन

या दोन गोष्टी लोक एकच समजतात. परियोजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नवे भूखंड पाडतात. नैनात मूळ क्षेत्राच्या ४० टक्के अंतिम भूखंड मालकाला मिळतो, बाकी रस्ते, मैदानं आणि इतर सोयींत जातं. म्हणजे शेती म्हणून जमीन संपलीच, फक्त मालकी उरते. तिथेही मूळ क्षेत्र कमी लागलं तर ४० टक्के कमी क्षेत्राचे मिळतात, म्हणून मोजणी आधी.

संपादन, म्हणजे सरकार मोबदला देऊन जमीन घेणार, असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतींना ६० दिवस असतात. संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा. झाडं, गडगे, पाईपलाईन, गोठा यांची यादी तिथेच होते. यादीत न आलेलं काहीही नंतर कोणी मोजायला येत नाही.

मधल्या काळात

आराखड्याची कुणकुण लागली की गावात गाड्या फिरू लागतात. विसार पावतीवर (जमिनीच्या सौद्याच्या आगाऊ रकमेची पावती) सही म्हणजे 'नुसतं बोलणं' नव्हे. महिन्यातून एकदा सातबारा काढून पाहा, 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावचे नवे फेरफार पाहा आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या नंबराचे दस्त शोधा. भावकीतल्या कोणी परस्पर हिस्सा विकला तर तो तिथे दिसतो. खाडीलगत रात्री भरावाचे डंपर दिसले तर तारखेसह फोटो काढून तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. कांदळवनाच्या भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मुंबई उच्च न्यायालयाची मनाई आहे.

आमच्या हरकतीचं काय झालं? पुढच्या हंगामात ई-पीक पाहणी केली, नवा सातबारा पुरवणी म्हणून दाखल केला. अंतिम नकाशात खालचा अर्धा भाग हिरवा झाला आणि व्हाळ दिसू लागला. रस्ता मात्र राहिला, विहिरीला आरक्षणही चिकटून आहे. आरक्षित जमीन योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत घेतली नाही तर नगर रचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. ती तारीख मी फाईलच्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहून ठेवली आहे, खाली मुलीचं नाव. नोटीस द्यायची वेळ येईल तेव्हा कपाटातून फाईल काढायचं काम तिचं.